ओल्या मातीवरची कारकुनी

आधी हाताला लागते ती माती. गार, चिकट, एकही खडा नसलेली. तिचा गोळा तळव्यांत घेऊन तुम्ही वळता, लांबट वळकटी ओट्यावर ठेवता आणि तळहाताने दाबून चपटी करता. झाली पाटी. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, ताडाच्या पानासारखी. शेजारचा माणूस ती न बघताच उचलतो, टोकदार काडीने आडवी रेघ ओढतो आणि लिहू लागतो.

इथे तुमचं वय दहाच्या आसपास आहे. हे काही मी मनाने ठरवलेलं नाही. क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या राजवाड्यातल्या अशाच पाट्यांवर हातांचे ठसे राहून गेलेत आणि ते तपासणाऱ्यांना त्यांत लहान मुलांचे तळवे सापडलेत. तेव्हा या सफरीत तुम्हाला सरदार होता येणार नाही. रथ नाही, ढाल नाही, कुणाशी द्वंद्व नाही. माती मळायची, पाणी आणायचं आणि कान उघडे ठेवायचे.

गाव पायलोस, ग्रीसच्या नैऋत्य कोपऱ्यात. साल इ.स.पू. ११८० च्या आगेमागे. यंदाच्या मेंढ्या कातरल्याच्या याद्या अजून कचेरीत आलेल्या नाहीत, म्हणजे वसंत चालू असावा. होमरच्या काव्यात हे म्हाताऱ्या नेस्टरचं गाव. ट्रॉयच्या लढाईत सगळ्यांना लांबलचक सल्ले देणारा, तीन पिढ्या पाहिलेला तो राजा. टेकडीवरच्या या वाड्याला आजचे मार्गदर्शक 'नेस्टरचा राजवाडा' म्हणतात, तिकिटावरही तसंच छापतात. तुम्ही मात्र इथे नेस्टरला शोधू नका. राजाला इथे नुसतं 'वानाक्स' म्हणतात, आणि पाट्यांवरून त्याचं नाव एन्खेलिआवोनसारखं काहीतरी असावं.

हिशेबाच्या या दोन खोल्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला आहेत. जागा मुद्दाम निवडलेली दिसते. आत येणारं प्रत्येक पोतं, बाहेर जाणारा प्रत्येक बुधला इथून दिसतो. गावोगावच्या पाट्या वेताच्या करंड्यांतून येतात. करंडीवर ओल्या मातीचा एक गोळा चिकटवून त्यावर आत काय आहे ते लिहायचं. त्या गोळ्यांच्या पाठीवर वेताची वीण उमटते. हे सगळं बघताना मला राहून राहून आपल्याकडच्या कुळकर्ण्याच्या दप्तराची आठवण होते.

तुमच्या शेजारच्या माणसाचं नाव मला सांगता येणार नाही, कारण त्याने ते कुठेही लिहिलेलं नाही. एमेट बेनेट नावाच्या अमेरिकन विद्वानाने पुढे अक्षरांची वळणं तपासून पायलोसच्या लेखनिकांना क्रमांक दिले. आपला हा 'हस्त १', म्हणजे सगळ्यांत जास्त पाट्या लिहिणारा हेडक्लार्क म्हणू या. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बैलांपासून देवांच्या मधापर्यंत सगळ्याची नोंद ठेवणाऱ्या या लोकांचं अक्षर आपण ओळखतो, नावं नाही.

तो लिहितो ते वाचायला मराठी माणसाला फार जड जाऊ नये. ही लिपी बाराखडीच आहे, फक्त कंजूष. सुमारे ८७ चिन्हं, बहुतेक चिन्हं म्हणजे व्यंजन अधिक स्वर. जोडाक्षर नाही, पाय मोडता येत नाही, शब्दाच्या शेवटचं व्यंजन सरळ गिळायचं. र आणि ल यांना एकच चिन्ह. त्यामुळे 'पायलोस' लिहायचं 'पु-रो' आणि 'क्नोसॉस' लिहायचं 'को-नो-सो'. (पु-रोचं 'पुर'शी नातं जोडायचा मोह होईल, आवरा.) एक नातं मात्र खरं आहे. एका पाटीवर झ्यूसला सोन्याचं भांडं वाहिल्याची नोंद आहे. 'झ्यूसला' या अर्थी तिथे अक्षरं येतात 'दि-वे'. वेदातल्या द्यौःची चतुर्थी करून बघा: दिवे. समुद्रापलीकडच्या कचेरीत, मातीने बरबटलेल्या हातांनी, तुम्हाला ते ऐकू येतं आणि क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं.

सकाळचं पहिलं प्रकरण जमिनीचं आहे. कुठे नसतं?

एरिथा नावाची पुजारीण आहे, पाकिजाना या देवस्थानच्या गावची. तिचं म्हणणं, माझ्याकडची जमीन देवासाठी आहे, इनाम आहे, तिच्यावरचा भार वेगळा. गावाचं, म्हणजे 'दामोस'चं म्हणणं, इनाम वगैरे काही नाही, बाई आमच्या सामाईक जमिनीतला तुकडा कुळाने कसावी तशी कसते. लेखनिक दोन्ही बाजू एका ओळीत लिहितो आणि निकाल लिहीत नाही. त्याच गावची कार्पाथिआ, देवळाच्या किल्ल्या सांभाळणारी. तिच्याकडे दोन तुकडे आहेत, त्यांच्या बदल्यात तिने सेवा करायला हवी, आणि पुढे शेरा: करत नाही. एवढंच. तीन हजार वर्षांनी कार्पाथिआविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यात हा एक शेरा.

एरिथाच्या ओळीतल्या क्रियापदाकडे लक्ष द्या. 'ती असा दावा करते' यासाठी जो धातू वापरलाय, तोच धातू पुढे इलियडमधले वीर वापरतात. रणांगणात समोरासमोर आले की आधी आपलं कूळ सांगायचं: मी अमक्याचा मुलगा असल्याचं छातीठोकपणे सांगतो. काव्यात तो शब्द भाल्याच्या टोकावर चमकतो. इथे तो सातबाऱ्यावर नाव लावायच्या भांडणात अडकलाय. मला तो इथे जास्त जिवंत वाटतो.

तशीच नावं. देवस्थानच्या जमिनींच्या यादीत एक 'देवाचा दास' आहे, लहानसा तुकडा खंडाने कसणारा. नाव हेक्टर. बार्ली वाटपाच्या यादीत एक जण रांगेत उभा आहे, त्याचं नाव अकिलीस. राजाच्या अत्तराच्या भट्टीवर सुगंधी तेल उकळणारा कारागीर आहे, त्याचं नाव थिएस्टीस, म्हणजे दंतकथेत ज्याला सख्ख्या भावाने त्याच्याच मुलांचं मांस जेवायला वाढलं तो. हे ते नव्हेत. आपल्याकडे अर्जुन पाटील आणि भीमा सुतार असतात तसे हे. पण नावं आधीपासून होती, लोकांच्या तोंडात होती. वीरांनी ती पुढे उचलली की वीरांच्या गाण्यांवरून आयांनी मुलांना ठेवली, हे या मातीला विचारून उपयोग नाही.

पाणी आणायला बाहेर पडता तेव्हा त्या थिएस्टीसच्या भट्टीचा वास येतो. त्याला तोलून दिलेल्या मालाची पाटी तुम्हीच सकाळी दाबली होती: धणे, नागरमोथ्याच्या जातीचं मूळ, मध, वाईन, लोकर. ऑलिव्हच्या तेलात हे मुरवून बुधले भरायचे, काही देवांना, काही जहाजांवर. 'को-रि-य-दो-नो' हा शब्द लेखनिकाने उच्चारला की नाकाशी ठेचलेले धणे येतात. मायसीनीला तर जिरं, तीळ आणि करडईच्या फुलांच्याही नोंदी आहेत. महाकाव्याच्या जगात शिरायची वाट भाल्यांच्या राईतून असेल अशी तुमची अपेक्षा होती, ती निघाली मसाल्याच्या डब्यातून.

दुपारी बायका येतात. शिध्याचा दिवस आहे.

इथे जरा थांबा, कारण या वाड्याचं सगळं वैभव या रांगेवर उभं आहे. पायलोसच्या पाट्यांत राजवाड्यासाठी राबणाऱ्या सातशेच्या वर बायका मोजलेल्या आहेत आणि जवळपास तितकीच पोरं. दळणाऱ्या, सूत काढणाऱ्या, अंबाडीसारखं जवसाचं सूत विणणाऱ्या, कापडाला शेवटचा हात फिरवणाऱ्या. प्रत्येकीला महिन्याला साधारण २० लिटर गहू आणि तितकेच अंजीर. मुलांना निम्मं. बायकांना नावं नाहीत, गटांना आहेत, आणि पुष्कळदा ती गावांची आहेत: मिलेटोसच्या, क्निडोसच्या, लेम्नोसच्या. ही सगळी ठिकाणं समुद्राच्या पलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर किंवा त्याच्या वाटेवर. एका गटाचं नाव तर 'बंदिवान' असंच वाचतात. या शिध्याच्या याद्यांत नवऱ्यांचा उल्लेख नाही.

इलियड सुरू होतं ते अशाच एका पकडून आणलेल्या मुलीवरून. राजा तिच्या बापाला सांगतो की ती माझ्या घरी मागावर म्हातारी होईल. गाणारा तिथून पुढे अकिलीसच्या रागाकडे वळतो आणि पंधरा हजारांहून जास्त ओळी तिकडेच राहतो. माग चालवणारीकडे तो परत येतो ते अधूनमधून. इथे उलट आहे. इथे वीर कुणी नाही, माग चालवणाऱ्या तेवढ्या आहेत, डोकी मोजून.

रांगेतल्या एका बाईजवळ तुमच्या वयाचा मुलगा आहे. हस्त १ त्याच्याकडे बघतो, उंची बघतो. मुलगे मोठे झाले की आईच्या यादीतून निघतात. एका पाटीवर 'तिन्वासिया गावच्या विणकर बायकांचे मुलगे, वल्हेकऱ्यांचे मुलगे' अशी नोंद आहे. अजून एक आहे: प्लेउरोनला निघालेले वल्हेकरी, रोओवाचे ८, रिजोचे ५, पोरापीचे ४, तेतारानेचे ६, आपोनेवेचे ७. बेरीज करा. ३० होतात, तीस वल्ह्यांचं एक जहाज. होमरच्या जहाजांच्या यादीत नेस्टरने ट्रॉयला नेलेली जहाजं ९० आहेत. तीस माणसं गोळा करायला पाच गावं फिरावी लागलेली तुम्ही पाहिलीत, आता नव्वदचं काय ते तुम्हीच ठरवा.

त्या होमरी यादीत पायलोसच्या राज्यात नऊ गावं आहेत. आणि हस्त १ च्या कचेरीतही पायलोसच्या अलीकडच्या प्रांतात ठरलेल्या क्रमाने येणारी मोठी गावं नऊच आहेत. नावं जवळजवळ एकही जुळत नाहीत. साडेचारशे वर्षं तोंडातोंडी फिरताना नऊ हा आकडा टिकला आणि गावं गळून पडली. गाणी काय जपतात आणि काय सांडतात, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

ऊन उतरताना कचेरीतली हवा बदलते. एका करंडीतून पाच लांब पाट्या निघतात. पहिल्या पाटीचा मथळा सरळ आहे: किनाऱ्याची राखण करणारे असे. मग दहा तुकड्या, प्रत्येकीचा नायक, ठिकाण, माणसं. एकूण सुमारे ८००, दीडशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यासाठी. काही तुकड्यांबरोबर राजाचा खास माणूस दिलेला आहे. दुसऱ्या एका पाटीवर देवळांमधलं कासं गोळा करायचा हुकूम आहे, भाल्यांची आणि बाणांची टोकं करायला. राज्यात चारशेच्या घरात कासार-लोहार आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना यंदा तोलून द्यायला धातूच नाही. कासं म्हणजे तांबं अधिक कथील. तांबं सायप्रसचं, कथील त्याहून कितीतरी लांबचं. याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या एकाच जहाजात दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं. तशी जहाजं आता येत नाहीत.

घाबरायचं का? अभ्यासक यावर भांडतात. काहींना या पाट्यांत येऊ घातलेल्या हल्ल्याची धाकधूक दिसते, काही म्हणतात हे दरसालचं सरकारी काम आहे. मी पहिल्या पक्षात अर्धाच आहे. कचेऱ्या कधी घाबरत नाहीत, त्या याद्या करतात. पण त्याच वर्षांत उगारित जळालं, हित्ती साम्राज्य कोसळलं आणि इजिप्तमध्ये तिसऱ्या रामसेसने समुद्रावरून आलेल्या टोळ्यांशी लढल्याचं भिंतींवर कोरून ठेवलं. देवळाचं कासं वितळवायची पाळी एरवी येत नाही.

(त्याच शतकात आपल्याकडे घोड नदीकाठी इनामगावला लोक बार्ली पिकवत होते, रंगीत मडकी करत होते. त्यांनी काही लिहिलं नाही आणि त्यांना कुणी गायलंही नाही.)

संध्याकाळी तुम्हाला पाण्याचा घडा घेऊन मोठ्या वाड्यात पाठवतात. चौक ओलांडायचा, दोन खांबांची ओसरी, मग देवडी, मग दरबार. १३ मीटर लांब, ११ मीटर रुंद. मधोमध चार मीटर व्यासाची गोल चूल, तिच्या कडेला रंगवलेल्या ज्वाळा, चार लाकडी खांब, धूर जायला वर वाट. उजव्या भिंतीला सिंहासन, दोन्ही अंगांना रंगवलेले गरुडमुखी सिंह. जमिनीच्या रंगीत चौकटींत एका ठिकाणी अष्टपाद. बाजूच्या कोठीत मद्याचे प्याले रचून ठेवलेत; पुढे उत्खननात मोजले तेव्हा त्या एका खोलीत २८५३ भरले. कुणाचे पाय धुवायला, कुणाला न्हायला घालायला पाणी हवंय. न्हाणीघरात भाजलेल्या मातीचा टब आहे, बसवलेला, चढायला पायरी असलेला. ओडिसीमध्ये ओडिसियसचा मुलगा बापाची चौकशी करत पायलोसला येतो तेव्हा नेस्टरची धाकटी मुलगी त्याला न्हाऊ घालते. इथे न्हाऊ घालणाऱ्या बायकांचा वेगळा गट आहे, चाळिसाच्या आत-बाहेर, पोरं वेगळी. त्यांचाही शिधा तुम्ही दुपारी पाहिलात.

सिंहासनाजवळच्या भिंतीवर एक चित्र आहे. खडकावर बसून वीणा वाजवणारा माणूस आणि त्याच्यापुढे उडत निघालेला एक पांढरा पक्षी. त्या चित्राखाली खरा गाणारा बसला आहे असं मी धरून चालतो. थीब्जच्या राजवाड्यातल्या एका पाटीवर दोन वीणावादकांची नोंद आहे, म्हणजे गाणारेही शिध्याच्या यादीवरचेच.

तो गातो ते ऐका. लघुगुरूंची ती चाल तुमच्या कानाला नवी, पण गाण्याच्या मानाने हा वाडाच नवा आहे. इलियडमध्ये पट्रोक्लस मरतो तेव्हा आणि हेक्टर मरतो तेव्हा एकच ओळ येते: प्राण हातपाय सोडून निघाला, आपलं पौरुष आणि तारुण्य मागे टाकून, अशा अर्थाची. त्यातला 'पौरुष' हा शब्द वृत्तात बसतच नाही. बसतो केव्हा? त्याच्या पोटात 'नृ'मधला ऋ धरला तर. तो ऋ ग्रीक तोंडातून केव्हाच गेला. पायलोसच्या या पाट्यांतही तो उरलेला नाही असं काही भाषाअभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि ते खरं असेल तर ही ओळ ज्या कुणी पहिल्यांदा जुळवली तो आजच्या या गाणाऱ्याचा पणजोबा शोभेल. दाराशी घडा धरून उभे असलेले तुम्ही ती ओळ ऐकता. शेजारी उभ्या असलेल्या न्हाणीवाल्या बाईला ती पाठ असावी, ओठ हलतायत. तिचं माहेर मिलेटोस असेल तर ती ओळ तिला कशी ऐकू येत असेल, हा विचार मला सुटत नाही.

आता बाहेर पडा. चौकात, मग दिंडीतून बाहेर, ऑलिव्हच्या झाडांत. वळून बघायचं असेल तर लांबून बघा.

या वाड्याला मायसीनीसारखा किंवा टिरिन्ससारखा राक्षसी तट नाही. कोण आले, समुद्रावरून आले की डोंगरावरून की आतूनच उठले, यावर पुस्तकांची कपाटं भरलीत. आग मात्र चांगली लागते. दरबाराच्या मागेच तेलाचं कोठार आहे, बुधल्यांच्या रांगा ओट्यात बसवलेल्या. भिंतींमधली लाकडं, वरचा मजला, खांब. चुनखडीचे दगड जळून चुना होतात. दिंडीजवळच्या दोन खोल्यांचं छप्पर कोसळतं आणि करंड्या, फळ्या, कापडं सगळं जातं. पाट्यांचं मात्र उलटं होतं. त्या कधी भाजायच्या नव्हत्या. त्यांना काळ दोनच ठाऊक होते, यंदा आणि गेल्या साली. वर्ष फिरलं की त्यांचं काम संपायचं. आज रात्री त्या विटांसारख्या पक्क्या होतात.

मग बराच काळ फार काही दाखवण्यासारखं नाही. लिहिणं गेलं. सगळ्या ग्रीसमध्ये चारशे वर्षं कुणी पाटी लिहिली नाही, कारण मोजण्यासारखी कोठारं उरली नाहीत. वानाक्स गेला. पाट्यांमध्ये 'बासिलेउस' हा शब्द येतो तो कासारांच्या गटाचा मुकादम किंवा गावचा म्होरक्या अशा अर्थी. वरचे गेल्यावर तेवढेच उरले, आणि होमरपर्यंत येता येता त्या शब्दाचा अर्थ 'राजा' झाला. इलियडमधले राजे स्वतः मांस भाजतात, बैलांवरून भांडतात, भर सभेत एकमेकांच्या आया-बहिणी काढायच्या बेताला येतात, ते मुकादम होते हे लक्षात घेतलं की सगळं समजतं.

इ.स.पू. ७०० च्या सुमाराला आयोनियाच्या किनाऱ्यावर, एजियन समुद्राच्या त्या बाजूला, तुम्ही पुन्हा उभे आहात. मिलेटोस इथून दूर नाही. कुणाच्या तरी अंगणात कुणीतरी गातोय आणि गाण्यात नेस्टर आहे. नेस्टरच्या प्याल्याला चार कान आहेत, सोन्याची कबुतरं आहेत, भरला की दुसऱ्याला तो मुश्किलीनेच उचलतो. ओडिसियसच्या डोक्यावर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण आहे, तसलं शिरस्त्राण गेल्या चारशे वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, पण गाणारा ते दोरा दोरा सांगतो. तलवारीच्या मुठीवर चांदीचे खिळे आहेत. न्हाणं आहे, सुगंधी तेल आहे. लोक मात्र मेलेल्यांना जाळतात, जसे आता जाळतात, पुरत नाहीत. रथ आहे, पण त्याचं करायचं काय हे गाणाऱ्याला नक्की ठाऊक नाही. वीर त्यातून रणांगणापर्यंत जातात आणि उतरून पायी लढतात, रिक्षाने आल्यासारखे.

आणि हस्त १ नाही. त्याचा ओटा नाही, करंड्या नाहीत, शिध्याची रांग नाही. सगळ्या इलियडमध्ये लिहिण्याचा उल्लेख एकदाच येतो: एका राजाने बेलेरोफोनच्या हाती घडीची पाटी देऊन पाठवलं, तिच्यावर जीवघेण्या खुणा होत्या, हे आणणाऱ्याला मारून टाक अशा अर्थाच्या. गाणाऱ्याला लिहिणं म्हणजे चेटूक वाटतं. तशी लाकडी घडीची पाटी उलुबुरुनच्या जहाजात खरोखर सापडली, मेण घालायच्या खाचेसकट. तिच्यावर कदाचित कथलाचा हिशेब असेल.

४ एप्रिल १९३९. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी टेकडीवर पहिला चर आखला तो ऑलिव्हची झाडं वाचवत, आणि तो नेमका त्या दोन खोल्यांवरून गेला. पहिल्याच दिवशी पाट्या निघाल्या, त्या हंगामात सहाशेच्या आसपास. लगेच महायुद्ध आलं. पाट्या अथेन्सला बँक ऑफ ग्रीसच्या तिजोरीत ठेवल्या. कारकुनाचे कागद शेवटी बँकेत पोचले. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराने जाहीर केलं की या लिपीतली भाषा ग्रीक आहे. त्याच्या आधी अॅलिस कोबरने वर्षानुवर्षं चिठ्ठ्यांवर चिन्हं मोजून पाया घातला होता, तो नसता तर व्हेंट्रिसला वाट मिळाली नसती. तरी पुष्कळ विद्वानांनी विश्वास ठेवला नाही.

१९५३ च्या वसंतात ब्लेगेन यांनी नव्याने धुतलेली एक पाटी व्हेंट्रिसच्या किल्लीने वाचून पाहिली. तिच्यावर भांड्यांची चित्रं होती आणि समोर शब्द. चार कानांचं भांडं, समोर 'चार कानांचं'. तीन कानांचं, समोर 'तीन कानांचं'. बिनकानाचं, समोर 'बिनकानाचं'. आणि सुरुवातीला तिपायी हंडे. दोन असतील तिथे 'ति-रि-पो-दे', एक असेल तिथे 'ति-रि-पो'. संस्कृतातलं द्विवचन शाळेत घोकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

नेस्टरच्या प्याल्याला चार कान असल्याचं गाणाऱ्याने बरोबर सांगितलं होतं, असंही त्या दिवशी कुणी म्हणालं असेल. मला त्या पाटीतलं दुसरं एक भांडं आवडतं. वाड्याला आग लागण्याआधी कधीतरी, सामानाची मोजदाद चालू असताना, कोठीतून एक हंडा बाहेर आला. कुणीतरी म्हणालं, हा टाकून द्या. लेखनिकाने तो टाकू दिला नाही. तुम्ही दाबून दिलेल्या गार मातीवर त्याने इतर चांगल्या भांड्यांच्या ओळीतच त्याला घेतलं, आकडा लिहिला, एक, आणि त्याच्यापुढे लिहिलं: क्रीटच्या घडणीचा, पाय जळून गेलेला.